बोटं दिसली पाहिजेत

२४ सप्टेंबर १९७८. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधलं एव्हरी फिशर सभागृह. पियानोवर व्लादिमीर होरोविट्झ, पंचाहत्तरीला आठवडा बाकी. भोवती न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद, आणि त्या वाद्यवृंदापुढे छडी घेऊन उभे असलेले आपल्या मुंबईचे झुबिन मेहता. वाजत होता रशियन संगीतकार राखमानिनॉफचा तिसरा पियानो कॉन्चेर्टो. अमेरिकेतल्या टेलिव्हिजनने तो घरोघर दाखवला आणि त्याचं चित्रीकरण जपूनही ठेवलं. म्हणून तर इतक्या वर्षांनी, धाराशिवात बसून, होरोविट्झची करंगळी कशी आत वळलेली असायची आणि तिची वेळ आली की कशी सुटायची, हे मला बघायला मिळतं.

मी पेट्या दुरुस्त करतो. वडीलही तेच करायचे. भजनी मंडळांच्या पेट्या, शाळांच्या, देवळांच्या, कधी एखाद्या कीर्तनकाराची पायपेटी. पेटी उघडायची, भात्याचं कातडं बघायचं, कुठून हवा जाते ते कान लावून शोधायचं, मग सूर. पितळी सुराच्या टोकाकडे कानस फिरवली की स्वर चढतो, बुडाकडे खरवडलं की उतरतो. हातून केसभर जास्त निघालं तर त्याच सुरावर पुन्हा दुसऱ्या बाजूने काम करावं लागतं. अशा कामात आयुष्य गेलेल्या माणसाची नजर वाजवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे जातच नाही, ती बोटांकडे जाते. म्हणून पियानोच्या या चित्रफिती मी बघत आलो, आणि त्यांचा इतिहास मिळेल तिथून गोळा करत गेलो. हा इतिहास मला फार मोलाचा वाटतो. तो आपल्याकडे कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो आहे.

कॉन्चेर्टो म्हणजे काय ते आधी सांगतो. एक मुख्य वादक आणि समोर साठ-सत्तर किंवा त्याहून जास्त वादकांचा वाद्यवृंद. रचना आधीच लिहिलेली, बहुधा तीन भागांची: पहिला भरदार, मधला संथ, शेवटचा द्रुत. कधी वाद्यवृंद बोलतो आणि पियानो ऐकतो, कधी उलट, कधी दोघांची झुंज. मग एका जागी सगळा वाद्यवृंद थांबतो आणि मुख्य वादक एकटाच आपली सगळी तयारी मांडतो. त्या जागेला कादेन्झा म्हणतात. मोत्सार्टच्या यादीत असे सत्तावीस पियानो कॉन्चेर्टो आहेत, बेथोवनचे पाच, शोपँचे दोन, ग्रीगचा एकच. राखमानिनॉफचे चार, आणि त्यातला तिसरा वाजवायला सगळ्यात कठीण मानलेल्यांपैकी एक.

पण हा कठीण कॉन्चेर्टो सुरू कसा होतो ते बघा. वाद्यवृंद हळू आवाजात लय धरतो आणि पियानोवर दोन्ही हातांनी एकच साधी चाल येते, डावा आणि उजवा हात एका सप्तकाच्या अंतरावर. चार-पाच स्वरांत फिरणारी, अभंगाच्या चालीसारखी सरळ. तेरचे एक बुवा माझ्या वडिलांकडे पेटी घेऊन यायचे. त्यांना ती दोनदा ऐकवली असती तर तिसऱ्यांदा त्यांनी वाजवून दाखवली असती, एवढी ती सोपी आहे. तिथून पुढे तीच चाल चाळीस मिनिटांत कुठल्या कुठे जाते. राखमानिनॉफने हा कॉन्चेर्टो १९०९ साली अमेरिकेच्या दौऱ्यासाठी लिहिला. सराव करायला वेळ उरला नाही, म्हणून बोटीवर त्याने आवाज न करणाऱ्या मुक्या पट्ट्यांची फळी सोबत घेतली होती आणि तिच्यावर बोटं फिरवत अटलांटिक ओलांडला. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये त्याने तो पहिल्यांदा वाजवला.

आता पेटी आणि पियानो यांचं नातं. दोन्हीकडे पट्ट्या तशाच, काळ्या-पांढऱ्या, त्याच क्रमाने. पियानोच्या अठ्ठ्याऐंशी: बावन्न पांढऱ्या, छत्तीस काळ्या. पण आत सगळं वेगळं. पियानोत पट्टी दाबली की नमद्याची हातोडी तारेवर पडते. तारा दोनशेच्या वर, आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण पंधरा-वीस टनांचा, म्हणून आत लोखंडाची चौकट लागते. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमाराला हे यंत्र बसवलं. पेटी त्यापुढे बरीच तरुण. अलेक्सांद्र दबँ याने पॅरिसमध्ये १८४० च्या दशकात हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायाने भाता मारायची होती. जमिनीवर बसून हाताने भाता ओढायची पेटी कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांच्या कारखान्यामुळे रूढ झाली, आणि मग ती भारतभर पसरली. महाराष्ट्रात संगीत नाटकांनी पायपेटी, म्हणजे ऑर्गन, डोक्यावर घेतला. बालगंधर्वांच्या मंडळीत ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, सारंगीवर कादरबक्ष आणि तबल्यावर अहमदजान थिरकवाँ अशी साथ होती.

हातपेटीने मात्र एक गोष्ट हिरावून घेतली: डावा हात. तो जन्मभर भाता ओढतो. जे काही करायचं ते उजव्याने. पियानोच्या चित्रफितीत मी सगळ्यात आधी बघतो तो डावा हात, आणि दर वेळी थक्क होतो. तो उजव्याचा नोकर नसतो. त्याची चाल वेगळी, जोर वेगळा, कधी सगळा अर्थच त्याच्याकडे. ध्वनिमुद्रिका ऐकून हे निम्मंच कळतं. खालचे स्वर ऐकू येतात, पण ते कुठल्या बोटाने, मनगट किती खाली ठेवून, हात ओलांडून की जागेवरूनच, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय समजत नाही. गुरूसमोर बसून शिकण्याला आपण जे महत्त्व देतो ते याचसाठी. ज्याला समोर बसायला मिळालं नाही त्याच्यासाठी चित्रीकरण हाच पुढचा मार्ग.

आमच्या भागात पियानो दिसला तो सिनेमातून. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथे ना गोऱ्या साहेबांचे क्लब, ना चर्चमधली मोठी वाद्यं, ना मुंबईसारखी पारशी घरं. माझ्या लहानपणी चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेत तंबूतला सिनेमा यायचा. जुन्या हिंदी चित्रपटांत श्रीमंताच्या बंगल्यात जिना असतो, जिन्याखाली भला मोठा काळा पियानो असतो आणि नायक त्याच्यापुढे बसून गातो. ‘अंदाज’मध्ये दिलीपकुमार, ‘संगम’मध्ये राज कपूर. आम्ही ते गाणं बघून भारावून जायचो. वडील मात्र यात्रेतून परत येताना म्हणायचे, “अरे, त्याचा हात एकीकडं अन् सूर एकीकडं.” खरंच होतं ते. नायकाची बोटं नुसती फिरत असत. वाजवलेलं असे दुसऱ्याच कुणी तरी, मुंबईच्या स्टुडिओत बसून.

ते दुसरे म्हणजे बहुतेक गोव्याचे ख्रिस्ती आणि मुंबईचे पारशी वादक. रॉबर्ट कोरिया, लुसिला पाचेको, केर्सी लॉर्ड ही नावं किती जणांना माहीत आहेत? गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि संयोजक. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे शिकले. १९५८ साली त्यांनी मुंबईत स्वतःचा वाद्यवृंद उभा केला आणि आपले राग व पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणून कार्यक्रम केले. त्या सगळ्या मंडळींची बोटं आपण कानाने ओळखतो, डोळ्यांनी ती कधी दिसली नाहीत. पडद्यावर दिसली ती नटांची. हे मला अजूनही लागतं.

पाश्चात्त्य देशांतही सुरुवात फार बरी नव्हती. बोलपटाचं तंत्र आलं तेव्हा व्हिटाफोन कंपनीने ६ ऑगस्ट १९२६ ला न्यूयॉर्कमध्ये जो पहिला कार्यक्रम दाखवला, त्यात हॅरॉल्ड बाउअर हा पियानोवादक एफ्रेम झिम्बालिस्ट या व्हायोलिनवादकाबरोबर बेथोवन वाजवताना दिसतो. म्हणजे पडदा बोलू लागला त्याच दिवशी पियानो त्यावर होता. १९३७ साली पोलंडचे पियानोवादक पादेरेव्हस्की, जे पुढारीही होते आणि पंतप्रधानही राहिले होते, ‘मूनलाइट सोनाटा’ या इंग्रजी चित्रपटात उतरले. १९४७ च्या ‘कार्नेगी हॉल’ चित्रपटात पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइन आहेत. पण हे सगळे तुकडे. एखाद्या कथेत मध्येच दोन-चार मिनिटं संगीत. सबंध कॉन्चेर्टो आरंभापासून शेवटपर्यंत चित्रित करावा असं कुणाला वाटत नव्हतं.

आणि यात जे गेलं ते कायमचं गेलं. स्वतः राखमानिनॉफ! त्याने आपले चारही कॉन्चेर्टो १९२९ ते १९४१ च्या दरम्यान फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदाबरोबर ध्वनिमुद्रित केले. ते आज ऐकता येतात. १९४३ साली तो वारला तो बेव्हर्ली हिल्समध्ये, म्हणजे हॉलिवूडच्या शेजारघरी. जगातले सगळ्यात चांगले कॅमेरे त्याच्या दारापासून हाकेच्या अंतरावर होते. तरी तो वाजवत असतानाची एकही बोलती चित्रफीत नाही. त्याचा हात प्रचंड होता, बारा-तेरा पांढऱ्या पट्ट्यांवर एका वेळी पडायचा असं सांगतात. तो हात चालताना कसा दिसायचा, ते बघणारे सगळे आता गेले. पुढच्या पिढ्यांना उरलं फक्त वर्णन.

चित्र पालटलं ते टेलिव्हिजन आल्यावर. १९५८ च्या मार्च-एप्रिलमध्ये मॉस्कोत चायकोव्हस्कीच्या नावाची पहिली स्पर्धा झाली. शीतयुद्धाचा काळ. रशियन पियानोवादक जिंकणार असं सगळे धरून चालले होते, आणि टेक्सासमध्ये वाढलेला तेवीस वर्षांचा व्हॅन क्लायबर्न जिंकला. अंतिम फेरीत त्याने चायकोव्हस्कीचा पहिला आणि राखमानिनॉफचा तिसरा वाजवला. परीक्षकांनी अमेरिकन मुलाला बक्षीस देण्याआधी सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांची संमती विचारली होती, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट: त्याच्या मॉस्कोतल्या वादनाची कृष्णधवल चित्रणं आहेत. उंच, किडकिडीत मुलगा, कुरळे केस, लांब बोटं, कठीण जागा आली की डोळे वर छताकडे. हात मात्र जिथे पडायचा तिथेच पडतो. तिसऱ्या कॉन्चेर्टोच्या कादेन्झाची राखमानिनॉफने दोन रूपं लिहिली, एक हलकं, एक फार जड. क्लायबर्नने जड रूप घेतलं. होरोविट्झने हलकं. दोघांची चित्रणं एकापाठोपाठ बघा, एकाच बंदिशीची दोन घराण्यांची मांडणी बघितल्याचं समाधान मिळतं.

साठच्या दशकात दोन वाटा फुटल्या. एक वाट हर्बर्ट फॉन कारायानची. बर्लिन फिलहार्मोनिकचे हे संचालक. संगीताचं चित्रीकरण हेच पुढे आपलं स्मारक ठरणार हे त्यांना फार लवकर कळलं. आके फाल्क या स्वीडिश दिग्दर्शकाने अलेक्सिस वाइसेनबर्ग या बल्गेरियन वादकाची स्ट्राव्हिन्स्कीच्या ‘पेत्रुश्का’ची चित्रफीत केली होती. तिच्यात कॅमेरा पियानोच्या पोटात शिरतो, हातोड्या, तारा, पट्ट्यांची टोकं जवळून दाखवतो. ती बघून कारायान यांनी वाइसेनबर्गला बोलावलं आणि १९६७ साली चायकोव्हस्कीचा पहिला कॉन्चेर्टो त्याच दिग्दर्शकाकडून चित्रित करून घेतला. सुरुवातीची चार हॉर्नची ललकारी, आणि मग या टोकापासून त्या टोकापर्यंत कोसळणारे पियानोचे भरगच्च स्वरसमूह. इथे प्रत्येक दृश्य आखलेलं आहे. ध्वनी आधी मुद्रित केलेला, चित्र नंतर जमवलेलं. काही जाणकारांना ही बनावट वाटते. मला नाही वाटत. यंत्र आतून कसं चालतं हे दाखवणारी एवढी चांगली दृश्यं मी दुसरीकडे पाहिली नाहीत, आणि ज्याचा हात यंत्राच्या पोटात असतो त्याला त्याची किंमत कळते. कारायान यांनी हाच कॉन्चेर्टो १९८८ च्या ३१ डिसेंबरला सतरा वर्षांच्या येव्गेनी किसिनबरोबर बर्लिनमध्ये केला, लोकांसमोर. पुढच्या जुलैत कारायान गेले.

दुसरी वाट दिग्दर्शक ख्रिस्तोफर न्यूपेन यांची. आवाज न करणारे हलके कॅमेरे तेव्हा नुकतेच आले होते. त्याआधी कॅमेऱ्याची घरघर झाकायला त्यावर जाड पेटारा चढवावा लागे, तो खांद्यावर घेऊन वादकाजवळ जाणं शक्यच नव्हतं. न्यूपेन यांनी १९६६ साली बीबीसीसाठी व्लादिमीर अश्केनाझी आणि डॅनियल बॅरनबॉइम या तरुण मित्रांना मोत्सार्टचा दोन पियानोंचा कॉन्चेर्टो बसवताना आणि वाजवताना चित्रित केलं. तालमीतली हसाहशी, चुकलेली जागा, पुन्हा घेणं, आणि शेवटी संपूर्ण रचना. १९६९ साली त्यांनीच लंडनमध्ये शूबर्टच्या ‘ट्राउट’ पंचकाची चित्रफीत केली: पियानोवर बॅरनबॉइम, चेलोवर जॅकलिन द्यू प्रे, व्हायोलिनवर पर्लमन, व्हायोलावर झुकरमन, आणि डबल बासवर झुबिन मेहता. वाद्यं अदलाबदल करून चेष्टामस्करी चाललेली आणि पाच मिनिटांत मंचावर जाऊन ते पाचही जण असे वाजवतात की विचारू नका.

पियानोवादक ग्लेन गूल्ड तर चित्रीकरणाच्या बाजूने इतका की १९६४ नंतर त्याने लोकांसमोर वाजवणंच सोडलं. १९७० साली कॅनडाच्या टेलिव्हिजनवर बेथोवनचा पाचवा कॉन्चेर्टो मिकेलांजेली वाजवणार होते, ते आले नाहीत, आणि गूल्डने ऐनवेळी ती जागा घेतली. त्याचं बसणं मला ओळखीचं वाटतं. वडिलांनी बनवून दिलेली घडीची बुटकी खुर्ची, नाक पट्ट्यांपासून वीतभर. आपला पेटीवाला मांडी घालून बसतो तेव्हा डोळे आणि पट्ट्या यांच्यात एवढंच अंतर असतं. मिकेलांजेली पुढे १९७९ मध्ये व्हिएन्नात संचालक जुलिनींबरोबर बेथोवनचे तीन कॉन्चेर्टो वाजवून गेले, तेही टेलिव्हिजनने धरून ठेवले. चेहऱ्यावर रेघ हलत नाही, सगळं काही बोटांत.

पण मला एकच चित्रण निवडायला सांगितलं तर मी रुबिनस्टाइन यांचं निवडीन. १९७५ सालचं, लंडन सिम्फनी वाद्यवृंद, संचालक आंद्रे प्रेव्हिन. ग्रीगचा कॉन्चेर्टो, शोपँचा दुसरा, सँ-सांसचा दुसरा. रुबिनस्टाइन तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते, पियानोला जितक्या पट्ट्या तितक्या वर्षांचे. डोळ्यांचा मधला भाग निकामी झाला होता; समोरचं दिसेना, कडेकडेचं अंधुक दिसे. सँ-सांसचा कॉन्चेर्टो सुरूच होतो एकट्या पियानोवर, वाद्यवृंदाचा आधार नाही. बघा ते हात. पाठ ताठ, खांदे सैल, हात उंच उचलून ते खाली सोडतात आणि जिथे पडायला हवेत तिथेच पडतात. सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या मेहनतीने बोटांना पट्टीची जागा अशी पाठ झालेली की डोळ्यांची गरज उरली नाही. ते तरुण असतानाची ध्वनिमुद्रणं जास्त सफाईदार असतीलही. पण म्हातारपणी हात काय काय राखतो, हे या चित्रणाइतकं कुठे समजत नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी मैफली थांबवल्या.

आता पुन्हा १९७८ कडे येतो, कारण त्यात आपला माणूस आहे. झुबिन मेहतांचा जन्म मुंबईचा, २९ एप्रिल १९३६. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. त्यांनी बॉम्बे सिम्फनी वाद्यवृंद उभा केला होता. घरातच तालमी चालत, मुलगा त्या ऐकत वाढला. डॉक्टरकीचा अभ्यास सुरू करून सोडला आणि १९५४ साली अठराव्या वर्षी व्हिएन्नाला गेला. हान्स स्वारोव्हस्कींकडे शिक्षण, १९५८ मध्ये लिव्हरपूलची संचालकांची स्पर्धा जिंकली, १९६२ पासून लॉस एंजलिस, १९७८ पासून न्यूयॉर्क. म्हणजे होरोविट्झबरोबरचा हा कार्यक्रम त्यांच्या न्यूयॉर्कमधल्या अगदी पहिल्या हंगामातला. पं. रविशंकरांनी सतारीसाठी लिहिलेला दुसरा कॉन्चेर्टो, ‘रागमाला’, हाही पुढे १९८१ मध्ये याच वाद्यवृंदाने मेहतांच्या संचालनाखाली वाजवला.

होरोविट्झ यांच्यासाठीही ते वर्ष मोठं होतं. १९२८ च्या जानेवारीत त्यांनी अमेरिकेत पहिल्यांदा वाजवलं, त्याला पन्नास वर्षं झाली होती. त्याच १९२८ साली न्यूयॉर्कच्या स्टाइनवे दुकानाच्या तळघरात त्यांनी राखमानिनॉफला हाच तिसरा कॉन्चेर्टो वाजवून दाखवला होता. दुसऱ्या पियानोवर वाद्यवृंदाचा भाग खुद्द राखमानिनॉफने वाजवला. १९५३ पासून बारा वर्षं होरोविट्झ मंचावर आलेच नव्हते, आणि वाद्यवृंदाबरोबर तर जवळजवळ पंचवीस वर्षं वाजवलं नव्हतं. १९७८ च्या त्या चित्रणात स्वर निसटतात, बरेच निसटतात. पण हात बघा. सगळे शिक्षक बोटं गोल ठेवायला सांगतात. यांची बोटं सपाट, लांब पसरलेली, मनगट पट्टीच्या खाली गेलेलं. त्यातून मंद्रातला जो गडगडाट निघतो तो कुठून येतो हे बघूनही पूर्ण उलगडत नाही. मेहता सगळा वेळ मान वळवून त्यांच्यावर नजर ठेवून आहेत, कारण हा गृहस्थ लय कुठे ओढील आणि कुठे सोडील याचा नेम नाही. आपल्या तबलजीने ख्यालगायकाकडे बघावं तसं ते बघणं आहे. राखमानिनॉफच्या हाताची चित्रफीत नाही, पण त्याने ज्याचं वादन मानलं त्याच्या हाताची आहे, आणि ती एका मुंबईकराच्या साक्षीने झाली.

हे सगळं सांगण्याचं कारण आपल्या घरातलं आहे.

आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून पेटीवर बंदी घातली. जॉन फोल्ड्स या आकाशवाणीतल्या इंग्रज संगीतकाराने तिच्याविरुद्ध लिहिलं होतं, रवींद्रनाथ ठाकुरांनाही ती नको होती. पेटीवर मींड निघत नाही, तिचे बारा स्वर ठोकळेबाज, हा आक्षेप. आक्षेपात तथ्य आहे. सूर खरवडणाऱ्याला ते इतरांपेक्षा जास्त जाणवतं. पण तीसेक वर्षं रेडिओवर पेटी वाजली नाही, म्हणजे तीसेक वर्षांचे पेटीवादक नोंदीतून गळाले. त्याच काळात कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे वृद्ध होऊन गेले. त्याच काळात गोविंदराव पटवर्धन, आमच्या मराठवाड्यातले जालन्याचे अप्पा जळगावकर, गोव्याच्या बोरीचे तुळशीदास बोरकर घडले. १९७० नंतर बंदी हळूहळू सैल झाली.

टेलिव्हिजन आला तोही उशिरा. दिल्लीत १९५९ ला सुरू झालेल्या दूरचित्रवाणीचे पहिल्या फळीतले निर्माते पु. ल. देशपांडे होते, स्वतः उत्तम पेटीवाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चं. आमच्या उमरग्याच्या हद्दीपलीकडे गुलबर्गा जिल्ह्यातल्या गावांत १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या प्रयोगात सामुदायिक संच बसले. आमच्याकडे ऐंशीच्या दशकात घरांवर अँटेना दिसू लागल्या. शास्त्रीय संगीत लागलं की वडील काम ठेवून समोर बसायचे. भीमसेनजींची, किशोरीताईंची मैफल, आणि साथीला अप्पा. कॅमेरा गायकावर. मध्येच तबल्यावर. मग पुन्हा गायकावर. अप्पांनी एखादी हरकत गायकाच्या पाठोपाठ अलगद उचलली, ती कानाला कळायची, आणि बघावं तर पडद्यावर तानपुरा. वडील चिडून म्हणायचे, “हात दाखव की रं बाबा!” माझ्या पाहण्यात आलेल्या चित्रणांत अप्पांची बोटं सलग दोन मिनिटं दिसतील अशी मोजकीच आहेत. भात्यावरचा डावा हात तर कुठेच नाही, आणि पेटीचा श्वास तर त्याच हातात असतो. किती दाबायचा, कधी सोडायचा, गायक थांबला की हवा किती राखून ठेवायची, हे सगळं तिथे.

काही वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातल्या एका वयोवृद्ध भजनी पेटीवाल्यांचा सत्कार झाला. चित्रीकरण झालं, चांगले महागडे कॅमेरे होते. नंतर बघितलं तर शाल, नारळ, पाहुण्यांची भाषणं सगळं आलेलं, आणि वादन चार मिनिटांचं, तेही समोरून, पेटीच्या पाठीमागून. हात एकदाही नाहीत. ते बुवा आता नाहीत. पंचपदीपासून भैरवीपर्यंत त्यांच्या बोटांत जे होतं ते गेलं.

राखमानिनॉफच्या काळात कॅमेरा ही मोठ्या कंपन्यांची मिरासदारी होती. आज धाराशिवच्या प्रत्येक घरात तो आहे. म्हणून वाचकांना कळकळीने सांगतो. तुमच्या गावच्या भजनी मंडळात कुणी जुना पेटीवाला असेल, तुळजापुरात कुणी गोंधळी संबळ वाजवत असेल, तर या महिन्यात जा. मोबाइल समोर धरू नका. वाजवणाऱ्याच्या उजव्या खांद्यामागून, थोडा वरून धरा, म्हणजे पट्ट्या आणि दहाही बोटं येतील. एक अख्खा अभंग भाता ओढणाऱ्या हातावर ठेवा. संबळ असेल तर ती पुढून वाकलेली काठी कातड्यावर कशी घासते ते जवळून घ्या. मध्ये थांबवू नका, गाणी लावू नका, कापाकापी करू नका. शेवटी वादकाला स्वतःच्या तोंडाने नाव, गाव, कुणाकडून शिकलो ते आणि तारीख सांगायला लावा. मग त्याच्या दोन प्रती करा, एक वादकाच्या घरी द्या आणि एक गावच्या शाळेत किंवा वाचनालयात ठेवा.

पेटी बेसूर असेल तर आधी माझ्याकडे आणा. या कामासाठी मी पैसे घेणार नाही.